बॉनेटवरची साय

वासुदेवराव गद्र्यांनी बॉनेटवर एक बोट टेकवलं, ते सावकाश टोकापर्यंत ओढत नेलं, नाकाशी धरून हुंगलं आणि म्हणाले, "नागेशराव, तुमच्या गाडीला साय आलीये."

सव्वा महिना सासरेबुवा जावयाकडे मुक्कामाला होते. सव्वा महिना याच गाडीत पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसत होते. तळी पाहिली, किल्ले पाहिले, पावसात भिजलेलं जंगल पाहिलं, पण गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि रविवारच्या विमानाला पाच दिवस उरले असताना, जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या ओबरवाइलर गावात, मंगळवारी चांगलं ऊन पडलेलं बघून त्यांनी हे वाक्य उच्चारलं. नागेश हळबे पार्किंगमध्ये उभ्याउभ्या अर्धा इंच खचला.

खचायला कारण होतं. नागेश नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात, रंगखात्यात इंजिनियर. पुण्यात सगळ्या गोतावळ्यात त्याची ओळख 'रंगाचा माणूस' अशी होती आणि ती त्यानेच करून दिलेली होती. "रोज शेकडो गाड्यांचा रंग माझ्या नजरेखालून जातो," हे वाक्य त्याने तीन लग्नांत आणि एका मुंजीत म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त रंग जायचा तो आकडे होऊन, पडद्यावरून. थर किती मायक्रॉन, भट्टी किती अंशांवर, चकाकी किती. डबा, ब्रश, फडकं यांतल्या कशाचाही त्याच्या बोटांना अकरा वर्षांत स्पर्श झाला नव्हता. त्याची नखं एखाद्या भटजींची असावीत तशी स्वच्छ होती.

आणि वासुदेवराव? चौतीस वर्षं दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपात, रंगकामाचे फोरमन. त्यांची मिशी नाकाखाली इतकी आडवी आणि सरळ होती की, बसच्या अंगावरचा पट्टा मारताना पेंटर लोक दोरी धरत नसत, "साहेब, जरा बाजूला उभे राहा" म्हणत आणि मिशीवरून पातळी घेत. एकदा त्यांना सर्दी झाली, मिशी एका बाजूला कलली, तर त्या आठवड्यातल्या अकरा गाड्या तिरक्या पट्ट्याच्या निघाल्या. त्यांतली एक पुढे कित्येक वर्षं भोर मार्गावर होती म्हणतात. उतारावर ती सरळ दिसे.

मुलगी बघायला नागेश गेला होता तेव्हा या माणसाने त्याला पगार विचारला नव्हता, पत्रिका विचारली नव्हती. "हात दाखवा," म्हणाले होते. हात उलटसुलट करून पाहिले, आणि "बरं," म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ नागेश चौदा वर्षं शोधत होता.

"साय नाही अण्णा, मेण आहे ते," तो आता म्हणाला. "आधीचा मालक शाळामास्तर होता. दर वसंतात एकदा, दर शरदात एकदा लावायचा. मग गेली चार वर्षं मी लावतोय."

"आणि खालचं कधी काढलंत?"

नागेशने बॉनेटवरचं एक वाळकं पान झटकलं.

"मेणावर मेण, त्यावर धूळ, त्यावर मेण," अण्णा म्हणाले. "म्हणजे रोज नवीन सदरा, पण जुन्या सदऱ्यावरून. आत माणूस उरलाय का नाही कोणास ठाऊक. रंग निळा आहे ना हिचा?"

"गडद निळा."

"असेल," अण्णा म्हणाले.

त्या 'असेल'ने घात केला. नागेशने तिथल्या तिथे, मागचापुढचा विचार न करता जाहीर केलं, "अण्णा, रविवारी विमानतळावर निघायच्या आत सगळं जुनं मेण उतरवून नवीन लावतो. स्वतःच्या हाताने. बॉनेटमध्ये तुमच्या मिशीचा केस न् केस मोजता नाही आला तर नाव बदलेन."

"नाव तर इथल्यांनी आधीच बदललंय," अण्णा म्हणाले आणि चहाला वर गेले.

याचाही खुलासा करायला हवा. जर्मन माणूस हळबे हे नाव 'हाल्बे' असं वाचतो आणि जर्मनमध्ये हाल्बे म्हणजे अर्धा. पोस्टमनपासून दंतवैद्यापर्यंत सगळे नागेशला 'हेर हाल्बे' म्हणत, म्हणजे श्रीयुत अर्धे. ही गोष्ट त्याने सासऱ्यांपासून शिताफीने लपवून ठेवली होती. पण अण्णा आपल्या लेकीबरोबर, कुंदाबरोबर, बेकरीत गेले, तिथे तिने अर्धा पाव मागताना 'हाल्ब' म्हटलेलं त्यांनी ऐकलं, आणि फोरमन माणूस, दोन टोकं जुळवली.

बुधवारी नागेश कामावरून लवकर आला. मेण उरलंय का नाही हे पाहायची रीत सोपी असते. रंगावर पाणी शिंपडायचं. थेंब मोत्यासारखे गोल बसले तर मेण आहे, पाणी पसरून सपाट झालं तर रंग उघडा. नागेशने चूळभर पाणी शिंपडलं. थेंब असे टपोरे बसले की कानांत घालावेत. मग त्याने बादलीत भांडी घासायचा साबण फेसवला, स्पंज बुडवला आणि पहिला हात मारणार तोच मागून आवाज आला.

"हेर हाल्बे!"

तळमजल्यावरचे हेर बॉयर्ले. गावच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, पण पाणी त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. जमिनीत मुरणारा प्रत्येक थेंब आपल्याला विचारून मुरतो अशी त्यांची समजूत होती.

"आल्झो, आवारात साबण? फरबोटन! सक्त मनाई! खाली भूजल आहे." त्यांनी फरशीकडे असं बोट दाखवलं की जणू भूजल तिथे झोपलंय आणि दचकून उठेल. "गाडी धुवायच्या जागेवर जा."

गुरुवारी नागेश गाडी धुवायच्या जागेवर गेला. तिथे नळी होती, ब्रश होता, गटाराला तेल गाळायची सोय होती, आणि एक पाटी होती: स्वतःची बादली आणायला मनाई. नागेशने बादली मागच्या सीटवर मुलीच्या, निशिगंधाच्या, दप्तराआड लपवली आणि त्यातून चोरून फेस काढायला लागला. तीन मिनिटांत तिथला रखवालदार आला. बेचाळीस वर्षांचा, दोन पदव्या घेतलेला इंजिनियर, साबणाची बादली पोटाशी धरून, पाच गाड्यांच्या रांगेसमोरून परत गेला. म्हणजे घरी बादली चालते, साबण नाही. तिथे साबण चालतो, बादली नाही. जर्मनीत सगळं काही करता येतं, फक्त दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळत नाहीत.

संध्याकाळी हेर बॉयर्ले कुंपणाशी कचऱ्याचे डबे सरळ रेषेत लावत होते. त्यांना दया आली असावी. त्यांनी आपल्या घट्ट श्वाबिश बोलीत जे सांगितलं त्यातलं नागेशला एक तृतीयांश कळलं, पण शेवटचा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. "क्नेटे! क्नेटे घ्या, हेर हाल्बे. पाणी जवळजवळ लागत नाही. रंगावरून फिरवायची, सगळं तिला चिकटून येतं."

आता क्नेटे म्हणजे काय हे विचारायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण गॅलरीत अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत उभे होते, आणि रंगखात्यातला माणूस रंगाबद्दल प्रश्न विचारताना त्यांना दिसला असता. नागेशने मान डोलावली. "जा, गेनाऊ. क्नेटे. नाटुअरलिश." म्हणजे हो, बरोबर, अर्थातच. आणि जिना चढून वर आल्यावर स्वयंपाकघरात शिरून हळूच म्हणाला, "कुंदा, क्नेटे म्हणजे काय गं?"

कुंदा सहा महिने संध्याकाळच्या जर्मन वर्गाला जात होती आणि नुकतीच एक परीक्षा वरच्या श्रेणीत पास झाली होती. घरात कोणी जर्मन शब्दाचा अर्थ विचारला की ती हातातलं काम ठेवून, पदर नसताना पदर सावरून उत्तर देई.

"क्नेटन हे क्रियापद आहे. क्नेटन म्हणजे मळणं. मागच्याच महिन्यात झालंय आमचं, स्वयंपाकघर धडा सातवा. म्हणजे क्नेटे काय? मळलेली ती." तिने समोरच्या परातीकडे पाहिलं. "कणिक."

"कणिक?"

"अहो, नाही तर काय! आठवून पाहा, पोळ्या करताना ओट्यावर सांडलेलं पीठ आई कशाने उचलायची? कणकेचा गोळा फिरवायची. कण न् कण चिकटून यायचा."

इथे घरात अचूक उत्तर माहीत असलेली एक व्यक्ती हजर होती. निशिगंधा, वय वर्षं अकरा, जन्म हाइलब्रॉनचा. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. तिने वहीतून मान वर न करता सांगितलं, "पापा, क्नेटे काउफ्ट मान डोख." म्हणजे, बाबा, क्नेटे तर विकत आणतात. बालवाडीत खेळायची मऊ माती असते, तिचंच हे नाव. गाड्यांसाठीही तसलीच एक डबीत मिळते, एवढं सगळं त्या एका वाक्यात होतं.

"विकत कशाला? घरात आटा आहे," कुंदा म्हणाली.

शुक्रवारी नागेशने रजा घेतली. आधी दाराच्या कोपऱ्यावर पेढ्याएवढा गोळा फिरवून पाहिला. आणि सांगायला अभिमान वाटतो की गोळा काळा झाला! तिथला निळा रंग रुपयाएवढ्या जागेत डोळा उघडून बघायला लागला. नागेशला अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या बोटांचा आदर वाटला. त्याने स्टुटगार्टहून आणलेली आट्याची दहा किलोची पिशवी उघडली आणि साडेतीन किलो काढला.

"साडेतीन किलो?" कुंदा म्हणाली. "गाडी आहे का पंगत?"

"घट्ट नको, सैलसर भिजव."

"मीठ घालू?"

"तू नेहमी घालतेस ना? घाल की. मोडायचं कशाला?"

तेलाचा हातही लागला, कारण त्याशिवाय कुंदाच्या हातून कणिक मळलीच जात नाही. आणि इथे नागेशमधला इंजिनियर जागा झाला. गोळा गोळा फिरवत बसायचं हे अण्णांच्या जमान्यातलं काम. त्याने सगळी कणिक बॉनेटवर पसरली, हाताने थापली, कडेपर्यंत सारखी केली, थर जागोजागी काडी खुपसून मोजला. "सात मिलिमीटर, सगळीकडे," तो गॅलरीकडे बघून म्हणाला. "अर्धा तास मुरू द्यायची. मेण शोषून घेईल. मग एकदम उचलायची."

अण्णांनी सुपारी तोंडात टाकली. चौतीस वर्षांचा अनुभव त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता, पण ते पाहुणे होते. "तुमचं खातं आहे," एवढंच म्हणाले.

अर्धा तास झाला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण वर फोन वाजला. रेगेन्सबर्गहून सत्यजित. हा नागेशचा कॉलेजमधला मित्र, कधीही पाऊण तासाच्या आत फोन न ठेवणारा. नागेशने त्याला पाच मिनिटांत कणकेची पद्धत सांगितली आणि उरलेला वेळ तिचं पेटंट घ्यावं का यावर चर्चा केली. बाहेर ऑक्टोबरचं ते सोनेरी ऊन, ज्याची जर्मन माणूस वर्षभर वाट बघतो, ते नेमकं बॉनेटवर टेकलं होतं.

ज्या कोणी रात्रीची परात न भिजवता ठेवून सकाळी घासली असेल त्याला पुढचं सांगायला नको.

नागेश खाली आला तेव्हा गाडीच्या तोंडावर एक पांढुरकी, भेगाळलेली, टणक भाकरी बसली होती. बोटाने टकटक केलं तर दारावर केल्यासारखा आवाज आला. कडेला चार चिमण्या, मधोमध दोन कबुतरं. आणि नागेश हुसकवायला पुढे होतोय एवढ्यात समोरच्या झाडावरून एक कावळा उतरला, सरळ बॉनेटच्या मध्यावर बसला आणि एक मोठा तुकडा चोचीत घेऊन उडाला.

गॅलरीतून अण्णांचा आवाज आला. "लगेच शिवला हो. गाडीची काही इच्छा राहिलेली दिसत नाही."

"अरे नागेश, काय करून ठेवलंस हे!" कुंदा ओरडली. वडिलांसमोर ती नवऱ्याला अहो म्हणत असे. संकट खरं आहे हे नागेशला त्या 'अरे'वरून कळलं.

मग हेर बॉयर्ले आले, कारण त्या आठवड्यात आवार झाडायची पाळी त्यांची होती आणि आवारात चुरा पडत होता. त्यांच्या मागून त्यांच्या बायको आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि आदराने म्हणाल्या, "श्पेत्सलेचं पीठ का हे?" श्पेत्सले म्हणजे तिकडच्या शेवया. आपल्याकडच्या माणसाने मोटारीवर कुरडया घालाव्यात आणि शेजारणीने चीक कशाचा ते विचारावं, तसं.

नागेशने भिजवून काढायला पाण्याची नळी उचलली.

"हाल्ट!" बॉयर्ले म्हणाले. "यात मेण आहे, धूळ आहे. हे विरघळून भूजलात जाणार. आधी विचारावं लागेल." बारा वाजता कचेरी बंद होते म्हणून त्यांनी स्वतःच फोन लावला, आणि कचरा-सल्ला खात्यातल्या बाईंना थोडक्यात प्रकार सांगून फोन नागेशच्या हातात दिला.

"पदार्थ काय आहे?" बाईंनी विचारलं.

"गव्हाचं पीठ आणि पाणी."

"मीठ?"

"चवीपुरतं."

पलीकडे टंकलेखनाचा आवाज आला. "तेल?"

"एक चमचा."

"इंजिन ऑइल?"

"नाही हो. शेंगदाण्याचं."

बाई कोणाला तरी विचारून आल्या. खात्याचं मत असं पडलं की पीठ गाडीला लागेपर्यंत ते अन्न होतं. गाडीवरून निघाल्यावर तो कचरा होईल, आणि मेण असल्याने ओल्या कचऱ्याच्या नव्हे, उरल्यासुरल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात जाईल. सध्या गाडीवर आहे तोवर ते नेमकं काय आहे याबद्दल नियमात तरतूद नाही. "पण एक थेंब पाणी जमिनीवर टपकता कामा नये," बाई म्हणाल्या. "आणि हेर हाल्बे, सगळी गाडी अशी केलीये का..."

"अर्धीच," नागेश क्षीण आवाजात म्हणाला.

तो पायरीवर बसला. खरवडावं तर रंगाला चरे, भिजवावं तर भूजल. परवा याच गाडीतून सासऱ्यांना दोन तास फ्रँकफुर्टला न्यायचं, आणि पुण्यात सगळा गोतावळा विचारणार, कसं आहे हो जावयाचं? आणि ते म्हणणार, बरं आहे.

शेजारी वहाणा वाजल्या. अण्णा खाली आले होते. त्यांनी बॉनेटला प्रदक्षिणा घातली, एका भेगेत नख घालून पाहिलं आणि म्हणाले, "ओलं फडकं पिळून ठेवा वर. तापात कपाळावर ठेवतात तसं. टपकणार नाही. मऊ पडेल."

नागेश पायरीवरून तसाच बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. अकरा वर्षं जे आकडे नुसते डोळ्यांखालून गेले होते त्यांतला एक, पहिल्यांदाच, कामावर हजर झाला.

"गार नको अण्णा," तो उभा राहिला. "गरम! गार फडक्याने नुसती कणिक सुटेल, मेण खालीच राहील. मेण साठ अंशांच्या पुढे मऊ पडतं. वाफेवर गरम केलेली फडकी ठेवली तर दोन्ही एकदम सुटतील. भट्टीत रंगाला आम्ही एकशेचाळीस देतो, साठाने त्याला काही होत नाही."

अण्णांनी मान वळवून जावयाकडे पाहिलं. बघायला आलेल्या मुलाकडे पाहिलं होतं तसं.

"साठ कसे मोजणार?"

"कारखान्याचं तापमापक आहे घरात."

"मग बसलात काय? कुंदे, मोदकपात्र काढ!"

पुढचा दीड तास ओबरवाइलरने जे पाहिलं ते त्या गावाने आधी पाहिलं नव्हतं. वर स्वयंपाकघरात कुंदा मोदकपात्रात टॉवेल उकडत होती. निशिगंधा ते चिमट्यात धरून, "फोरझिश्ट, हाइस!" म्हणजे सांभाळा, गरम आहे, असं ओरडत जिन्यावरून पळत होती. खाली अण्णा ते पिळून अंथरत होते, नागेश तापमापक खुपसून "अठ्ठावन्न... बासष्ट... राहू द्या!" असं ओरडत होता, आणि हेर बॉयर्ले गुडघ्यांवर बसून बंपरखाली पाण्याचा थेंब पडतोय का ते पाहत होते. एकही पडला नाही. त्यांनी मागाहून तसं लेखी दिलं.

मग अण्णांनी डावा कोपरा धरला, नागेशने उजवा. "एका दमात," अण्णा म्हणाले. "थांबलात तर फाटेल."

आणि ती सगळीच्या सगळी निघाली. पुरणपोळी तव्यावरून उलथावी तशी, बॉनेटच्या आकाराची, एकसंध, फक्त मध्ये कावळ्याने नेलेलं भोक. खालची बाजू पिवळट, तेलकट, चकचकीत. शाळामास्तरांचे आणि नागेशचे मिळून सगळे वसंत आणि सगळे शरद तिला चिकटून आले होते. नागेशने ओंजळीतून चार थेंब शिंपडले. पाणी पसरलं, सपाट झालं आणि निळ्यात निळं होऊन गेलं. एकही मोती नाही.

"हेर गोट," बॉयर्ले पुटपुटले, म्हणजे देवा रे देवा.

ती पोळी काळ्या डब्यात जायला हवी होती. पण बॉयर्ल्यांनी झाकण उघडून धरलं आणि त्यांचा हात पुढे होईना. शेवटी त्यांनी ती तळघरात नेऊन दोरीवर वाळत घातली. अजून आहे. कडक झाली आहे, गाडीच्या बिल्ल्याचा ठसासुद्धा वाचता येतो. कोणाला खोटं वाटत असेल त्याने ओबरवाइलरला जाऊन बघावं, बॉयर्ले चपला बाहेर काढायला लावतात एवढंच.

उरलेल्या गाडीचं शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी उरकलं. टपावर पोळी नीट बसली, दारांना छोट्या छोट्या केल्या. आटा संपला तेव्हा बॉयर्लेबाईंनी आपलं श्पेत्सलेचं पीठ वर पाठवलं, अंडी न घालता. शनिवारी दुपारी नवीन मेण. नागेशने डबीत बोटं घालून मोठा गोळा काढला, तेव्हा अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"एवढं नाही. नखावर राहील इतकं. दिसलं नाही पाहिजे, कळलं पाहिजे."

मग ते वर गेले आणि आपल्या बॅगेच्या तळातून एक मलमलचं फडकं घेऊन आले. इतकं धुतलेलं की उन्हात धरलं तर आरपार दिसे. दापोडीतून निवृत्त होताना चौतीस वर्षांपैकी एवढंच त्यांनी घरी नेलं होतं आणि त्याला कुंदालाही कधी हात लावू दिला नव्हता. एक टोक त्यांनी स्वतः धरलं, दुसरं नागेशच्या हातात दिलं. दोघे तिन्हीसांजेपर्यंत गोल गोल हात फिरवत राहिले. फक्त एकदा अण्णा म्हणाले, "मनगट सैल," आणि एकदा, बऱ्याच वेळाने, "हां."

रविवारी सकाळी बॅगा गाडीत भरल्या. हेर बॉयर्ले आणि त्यांच्या बायको निरोप द्यायला चांगले कपडे घालून उभे होते. कुंदा डोळे पुसत होती. नागेश बॉनेटपासून चार हात लांब, हात मागे बांधून उभा होता. शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द आता त्या निळ्या पत्र्यावर सगळ्यांसमोर उघडा पडला होता.

अण्णा गाडीपुढे आले. वाकले. बराच वेळ बॉनेटमध्ये पाहत राहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून छोटा कंगवा काढला, त्याला फुंकर मारली आणि बॉनेटमध्ये बघत मिशी विंचरली. आधी डावी बाजू, मग उजवी. एक केस बाहेर आलेला त्यांना दिसला. एकच, पांढरा, टोकाला. तो त्यांनी चिमटीने जागेवर बसवला आणि कंगवा खिशात ठेवला.

"गूटे राइझं, हेर हाल्बे!" बॉयर्ले नागेशला हात हलवून म्हणाले. प्रवास चांगला होवो, श्रीयुत अर्धे.

अण्णा थबकले. सव्वा महिन्यात ते जर्मनमधून एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी निशिगंधाला जवळ ओढून कानात काहीतरी विचारलं. तिने सांगितलं. बेकरीत अख्खा पाव घ्यायचा असेल तर काय म्हणतात, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मग ते बॉयर्ल्यांसमोर जाऊन ताठ उभे राहिले, जावयाच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि अख्खं आवार ऐकेल अशा फोरमनच्या आवाजात म्हणाले, "निश्ट हाल्बे. गान्त्से!"

बॉयर्ल्यांनी टोपी काढली. "हेर गान्त्से," त्यांनी दुरुस्ती केली, आणि जर्मन माणूस असल्यामुळे ती आजतागायत पाळली आहे.

नागेशने मान खाली घातली, तर समोर बॉनेट. तिथे त्याला स्वतःचा चेहरा इतका स्पष्ट दिसला की त्याने घाईघाईने तोंड फिरवलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.